एकच वळण, चाळीस वेळा: ट्रॅक डेवर बाईक शिकताना

रस्त्यावर एखादं वळण चुकलं की ते मागे राहून जातं. गाडी वाटली त्यापेक्षा बाहेर गेली, पोटात गोळा आला, बोटं आपोआप ब्रेकवर आवळली आणि कसंबसं निभावलं. पुढच्या वळणाला उतार वेगळा, डांबर वेगळं, समोरून येणारी वाहनं वेगळी. मागे नेमकं काय चुकलं हे बघायला परत कोणी जात नाही. म्हणून पंधरा वर्षं रोज गाडी चालवणाऱ्या माणसाचं वळण घेणं पहिल्या वर्षी होतं तसंच राहू शकतं. किलोमीटर वाढतात, भीड चेपते, पण हात सुधारतोच असं नाही.

ट्रॅकवर तेच वळण दोन मिनिटांनी पुन्हा समोर येतं. तोच उतार, तेच डांबर, तीच रुंदी, आणि समोरून कोणीही येणार नाही याची खात्री. बदलतं ते फक्त तुमचं चालवणं. त्यामुळे मागच्या फेरीत काय केलं आणि या फेरीत काय केलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. पाटीवर तेच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवल्याने हाताला वळण लागतं, तसंच हे. माझ्या मते ट्रॅक डेचं सगळं मोल या पुनरावृत्तीत आहे. वेग त्यामागून येतो, आणि नाही आला तरी काही बिघडत नाही.

शर्यत नसते, मग असतं काय?

ट्रॅक डे म्हणजे शर्यतीचा ट्रॅक एका दिवसापुरता सर्वसाधारण रायडर्सना खुला करणं. आयोजक अनुभवाप्रमाणे गट पाडतात, बहुतेक ठिकाणी तीन: नवखे, मधले आणि वेगवान. प्रत्येक गट आळीपाळीने पंधरा-वीस मिनिटं ट्रॅकवर जातो आणि बाकीच्यांची पाळी चालू असताना विसावा घेतो. दिवसभरात अशी पाच-सहा सेशन्स मिळतात. दोन मिनिटांची फेरी धरली तर सेशनला सात-आठ फेऱ्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत प्रत्येक वळण चाळीसेक वेळा. घाटातलं एखादं आवडतं वळण इतक्यांदा घ्यायला कित्येक महिने लागतील.

इथे क्रमांक नसतो, बक्षीस नसतं. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक कुठे करायचं याचे नियम कडक असतात. बहुधा फक्त सरळ भागात, किंवा पुरेसं अंतर राखून बाहेरच्या बाजूने. सांभाळून पुढे जाण्याची जबाबदारी मागच्या रायडरची. पुढच्याने फक्त आपली लाइन, म्हणजे वळणातली आपली वाट, धरून अंदाज बांधता येईल असं चालवत राहायचं. म्हणूनच आरसे काढून ठेवतात किंवा त्यांवर टेप लावतात. मागे कोण आहे ही काळजी डोक्यातून गेली की समोरच्या वळणाला किती लक्ष उरतं, हे पहिल्याच सेशनमध्ये कळतं. "मी फार हळू चालवते, चालेल का?" असं मला अनेकींनी विचारलंय. चालतं. नवख्यांचा गट त्यासाठीच असतो.

दोन सेकंदांत काय सुचतं

१९८१ साली अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या चमूने मोटरसायकल अपघातांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० अपघातांची त्यांनी जागेवर जाऊन पाहणी केली होती. अभ्यास आता जुना झाला. तेव्हापासून टायर सुधारले, ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारं एबीएस आलं. पण माणसाचे डोळे, हात आणि घाबरण्याची तऱ्हा तीच आहे, म्हणून त्यातल्या काही नोंदी मी अजून विसरू शकत नाही. टक्कर टाळण्यासाठी रायडरला मिळालेला वेळ सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी होता. तेवढ्यात बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका दाबला की मागचं चाक लॉक होऊन घसरलं, आणि ज्यात खरी ताकद असते तो पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. हँडलच्या जोरावर गाडी झटकन बाजूला काढण्याचं कसब जवळपास कोणाकडेच दिसलं नाही. दुसरं वाहन गुंतलेलं नव्हतं अशा अपघातांत सुमारे दोन तृतीयांश वेळा चूक रायडरची होती, आणि चुकीची तऱ्हा ठरलेली: ब्रेक जास्त लावून घसरणं, नाहीतर वेगात वळणात शिरून बाहेर जाणं.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. अपघातात सापडलेल्या या रायडर्सपैकी ९२ टक्के जण गाडी स्वतःच शिकले होते किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकले होते. आपणही बहुतेक तसेच शिकलो. कोणीतरी मागून धरलं, "क्लच हळू सोड" म्हणालं, आणि गाडी चालली.

दोन सेकंदांत विचार होत नाही. अंगवळणी पडलेलं असेल तेवढंच बाहेर येतं, आणि काहीच पडलेलं नसेल तर शरीर आपल्या उपजत बुद्धीने वागतं. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, झटकन बंद होतो, मुठी आवळल्या जातात, नजर धोक्यावर खिळते, हात ताठरतात. १९८० साली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू करणारे कीथ कोड यांच्या शिकवण्याचा पायाच या प्रतिक्रिया ओळखण्यावर उभा आहे. पायी चालताना दचकून जागीच थबकणं जीव वाचवतं. झुकलेल्या बाईकवर नेमकं तेच घात करतं. ही प्रतिक्रिया "आता घाबरायचं नाही" असं मनाला बजावून जात नाही. तिच्या जागी दुसरी सवय बसवावी लागते आणि सवय बसायला तीच गोष्ट अनेकदा, निर्धोक जागी करावी लागते.

पुढचा ब्रेक पिळायचा

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. कोरड्या चांगल्या डांबरावर पुढचा ब्रेक नीट वापरता आला तर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण ४४ मीटरमध्ये थांबते. भीतभीत, निम्म्याहून थोड्याच जास्त जोराने दाबला तर जवळपास ८० मीटर लागतात. गाडी तीच, टायर तेच. मधले ३५ मीटर केवळ बोटांचे.

मग भीती कसली वाटते? पुढचं चाक लॉक होईल याची. ती खोटी नाही, पण चाक लॉक होतं ते बहुधा ब्रेक झटक्याने आवळल्यामुळे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे सरकतं, पुढचं सस्पेन्शन दबतं आणि पुढचा टायर जमिनीवर जास्त दाबला जातो. जितका जास्त दाबला जाईल तितकी त्याची पकड वाढते. या सगळ्याला क्षणभर वेळ लागतो. तो क्षण न देता ब्रेक खेचला, तर वजन पुढे येण्याआधीच चाकावर पूर्ण ताकद पडते आणि ते फिरायचं थांबतं. म्हणून ओला कपडा पिळतो तसा ब्रेक पिळायचा: आधी हलका, वजन पुढे आल्याचं हाताला जाणवलं की जोर वाढवायचा. एबीएस असलेल्या गाडीवरही हीच रीत ठेवावी. एबीएस शेवटचा आधार म्हणून असावं.

ट्रॅकवर याचा सराव करायला आयती सोय असते. लांब सरळ भागाच्या शेवटी वळणाआधी बरेचदा अंतराच्या पाट्या असतात, २०० मीटर, १०० मीटर अशा. सुरुवातीला २०० ची पाटी धरावी. दर फेरीला त्याच पाटीपाशी, साधारण त्याच वेगाने ब्रेक सुरू करावा आणि वळणात शिरण्याचा वेग कुठे गाठला ते बघावं. हात सुधारला की तो वेग वळणाच्या बराच आधी गाठला जातो आणि उरलेली जागा रिकामी वाटू लागते. मगच ब्रेकची खूण पुढे न्यावी, एका वेळी थोडी. बरेच जण उलटं करतात. खूण आधी पुढे नेतात आणि हात मागाहून सुधारेल म्हणतात.

टायरची शिल्लक

टायर आणि रस्ता यांचा संपर्क होतो तेवढी जागा साधारण तळहाताएवढी असते. तेवढ्या जागेत टायरकडे पकडीची ठरावीक शिल्लक असते आणि ब्रेक, वळणं, थ्रॉटल हे सगळे त्याच शिल्लकीतून खर्च करतात. पण हा खर्च साध्या बेरजेने मोजायचा नसतो. वळताना लागणारा जोर आडवा, ब्रेकचा जोर उभा, त्यामुळे हिशेब काटकोन त्रिकोणाचा होतो. पकडीतले ८० टक्के वळण्यात गेले, तरी ब्रेकसाठी ढोबळमानाने ६० टक्के उरतात. वळणात ब्रेकला हातच लावायचा नाही, असं आपल्याला जे सांगितलेलं असतं ते म्हणूनच अर्धंच खरं आहे. हलका ब्रेक तिथेही चालतो. चालत नाही तो झटका.

अनुभवी रायडर वळणात शिरतानाही थोडा ब्रेक धरून ठेवतात आणि गाडी जसजशी झुकत जाते तसतसा तो सोडत जातात. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पहिल्या दिवशी हे शिकायला जाऊ नये. आधी सरळ गाडीवर ब्रेक पूर्ण करून वळणात शिरण्याची घडी बसू द्यावी.

झुकण्याचंही गणित आहे. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० किलोमीटरने घेतलं तर गाडी सुमारे ३० अंश झुकते. तेच वळण ताशी ८० ने घेतलं तर लागतात ४५ अंश, आणि अनेक गाड्यांचे फूटरेस्ट त्याआधीच जमिनीला घासू लागतात. वेग फक्त एक तृतीयांशाने वाढला, पण आडवा जोर पावणेदोन पटीच्या पुढे गेला, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वळणात शिरण्याचा वेग ताशी चार-पाच किलोमीटरने चुकला तर एवढं काय बिघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघावा.

उजवीकडे जायचं, तर उजवं हँडल ढकला

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी बाजू पुढे ढकलायची, म्हणजे चाक क्षणभर डावीकडे वळवायचं. त्याने चाक डावीकडे सरकतं, गाडीचा वरचा भाग उजवीकडे कलतो आणि गाडी उजवीकडे वळू लागते. संथ वेग सोडला तर प्रत्येक दुचाकीस्वार नकळत हेच करत असतो. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचा धंदा सायकलींचा. त्यांतल्या विल्बर राइट यांनी कितीतरी सायकलस्वारांना विचारलं होतं की डावीकडे कसे वळता? पहिल्या झटक्यात सगळं बरोबर सांगणारा त्यांना एकही भेटला नाही.

नकळत होतंच आहे, तर शिकायचं कशाला? कारण नकळत होणारी गोष्ट हळूहळू आणि जेमतेम होते. रस्त्यात अचानक खड्डा आला, तेव्हा गाडी किती लवकर बाजूला काढता येईल हे त्या धक्क्याच्या नेमकेपणावर ठरतं, आणि ज्याला आपण काय करतोय हे ठाऊक नाही त्याला तो धक्का मुद्दाम देता येत नाही. एस आकाराच्या वळणांत याचा सराव सुरेख होतो. एकीकडून दुसरीकडे गाडी फिरवताना एकदा अंगाने कलून बघा, एकदा हँडल ढकलून बघा. फरक सांगायला कोणी लागत नाही.

नजर कुठे होती?

माझ्या पहिल्या ट्रॅक डेच्या दुसऱ्या सेशननंतर मी हातमोजे काढले तेव्हा तळहात लाल झाले होते आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात दुखत होते. प्रशिक्षक जवळ आले, हाताकडे बघितलं आणि वेगाबद्दल काही न बोलता एकच विचारलं, "ताई, त्या उजव्या वळणात शिरताना तुमची नजर कुठे होती?"

मला सांगता येईना. खूप आठवल्यावर कळलं की पुढच्या गाडीच्या मागच्या टायरवर होती. पुढचा रायडर जिथे चुकत होता तिथे मीही चुकत होते.

पुढच्या सेशनला त्यांनी मला ब्रेक वापरायला मनाई केली. "पूर्ण सेशन तिसऱ्याच गिअरमध्ये. ब्रेक अगदी गरज पडली तरच. वेग थ्रॉटलनेच सांभाळा, आणि पुढची गाडी बरीच लांब जाऊ द्या." सरळ भागात मी इतकी हळू होते की बाजूने गाड्या सूं करून जात होत्या. पण वळणात एक वेगळीच गोष्ट घडली. ब्रेक नाही म्हटल्यावर वळणात नेमक्या किती वेगाने शिरायचं, हे लांबूनच ठरवावं लागलं आणि ते ठरवायला लांब बघावं लागलं. आतल्या बाजूला, जिथे गाडी वळणाच्या कडेला सर्वांत जवळ येते, तिथल्या लाल-पांढऱ्या पट्ट्याचा एक पोपडा उडालेला तुकडा मला तोवर दिसलाच नव्हता. तिसऱ्या फेरीला तो दिसला. चौथ्या फेरीला मी त्याच्याकडे बघत शिरले, आणि तो जवळ यायच्या आत नजर उचलून वळणाच्या शेवटाकडे नेली. गाडी आपली आपण तिकडे गेली. हात सैल होते, हे मला सेशन संपल्यावर लक्षात आलं.

बाईक नजरेच्या मागे जाते. खड्ड्याकडे टक लावून बघितलं की चाक हमखास खड्ड्यात जातं, हा अनुभव प्रत्येकाला असतो. वळणातही तेच. म्हणून नजर एक पाऊल पुढे ठेवायची: ब्रेक लावताना वळण्याच्या जागेकडे, वळताना आतल्या टोकाकडे, आतल्या टोकाशी पोचण्याआधीच बाहेर पडण्याच्या वाटेकडे. लांब बघितलं की वेग कमी वाटतो, घाई संपते आणि मुठी सुटतात. हात दुखायचे थांबले की नजर सुधारली असं खुशाल समजावं.

लाइनबद्दल थोडक्यात. वळणात बाहेरून शिरायचं, आतल्या टोकाला स्पर्श करायचा आणि पुन्हा बाहेर पडायचं, म्हणजे वळण जास्तीत जास्त सरळ होतं. नवख्यांची सर्रास होणारी चूक म्हणजे आत लवकर वळणं. लवकर वळलं की आतलं टोकही लवकर येतं आणि नंतर गाडी बाहेर जाऊ लागते, नेमकी जिथे जागा संपते तिथे. थोडं थांबून, उशिरा आणि ठामपणे वळलं तर शेवटी जागा हातात राहते. वाट बघण्याचा हा धीर एरवी फार अवघड असतो. चाळीस फेऱ्यांत तो येतो.

वळण घेताना एकदा थ्रॉटल उघडला की तो अगदी हलका, पण सलग उघडत न्यायचा. त्याने वजन थोडं मागच्या, रुंद टायरवर जातं आणि गाडी स्थिरावते. मध्येच तो झटक्याने बंद केला की वजन धाडकन पुढे येतं आणि आधीच वळण्यात गुंतलेल्या पुढच्या टायरवर आणखी ओझं पडतं.

अंग आत झोकण्याचं सगळ्यांना आकर्षण असतं. १९७८ साली ५०० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवणारे केनी रॉबर्ट्स यांच्या काळापासून जमिनीला टेकलेला गुडघा ही रेसिंगची ओळखच झाली. त्यामागचं कारण साधं आहे. अंग आतल्या बाजूला नेलं की गाडी आणि माणूस यांचं एकत्रित वजन आत सरकतं आणि तेवढ्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते. पण गुडघा हे ध्येय ठेवलं की माणूस हँडलला लटकतो, आणि हँडलला लटकलेल्या माणसाची गाडी कधी नीट वळत नाही. आधी बाहेरच्या मांडीने टाकी घट्ट धरायला शिकावं, वजन पायांवर घ्यावं आणि हात इतके मोकळे ठेवावेत की कोपर सहज हलवता येईल. गुडघा टेकायचा तेव्हा टेकेल.

आणि एका सेशनला एकच गोष्ट. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिल्या सेशनला फक्त ट्रॅक ओळखायचा, दुसऱ्याला फक्त नजर, तिसऱ्याला फक्त ब्रेक. लक्ष वाटलं गेलं की कशातच सुधारणा दिसत नाही. सेशन संपल्या संपल्या, हेल्मेट काढलं की लगेच दोन ओळी वहीत लिहाव्यात: कुठल्या वळणात काय केलं, काय झालं. अर्ध्या तासाने आठवत नाही.

जाण्याआधी

गाडी मोठी लागते हा गैरसमज आहे. कमी ताकदीच्या गाडीवर सरळ भागात वेग फार वाढत नाही, त्यामुळे वळणातलं चालवणं सुधारल्याशिवाय वेळ कमी होत नाही, आणि शिकायला हेच हवं असतं. गाडी मात्र ठणठणीत हवी. चेनचा ताण, ब्रेक पॅडची जाडी, टायरची अवस्था, तेलाची किंवा पाण्याची गळती हे आदल्या आठवड्यात बघावं. ब्रेक ऑइलकडे विशेष लक्ष द्यावं. ते हवेतली आर्द्रता शोषतं आणि मग लवकर उकळतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पण आर्द्रता शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. ट्रॅकवर ब्रेक सतत तापतात. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर थेट हँडलला येऊन टेकतो. अनेक ट्रॅकवर रेडिएटरमध्ये ग्लायकॉलचं कूलंट चालत नाही, साधं पाणी लागतं, कारण ते कूलंट सांडलं तर डांबर निसरडं होतं आणि चटकन साफ होत नाही. दिव्यांवर टेप लावतात, म्हणजे काच फुटली तरी विखुरत नाही. टायर तापला की आतल्या हवेचा दाब वाढतो, म्हणून ट्रॅकसाठी बहुधा थंड टायरमधली हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवतात. किती कमी, हे टायर बनवणाऱ्या कंपनीच्या सल्ल्यानेच ठरवावं. आणि टायर तापायला पहिल्या एक-दोन फेऱ्या जातात, त्या शांतपणे जाऊ द्याव्यात.

अंगावर पूर्ण लेदर सूट, फुल फेस हेल्मेट, पाठीचं प्रोटेक्टर, मनगट झाकणारे हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. मोटोजीपी या बाईक शर्यतींच्या सर्वोच्च स्पर्धेत २०१८ पासून सूटमध्ये एअरबॅग सक्तीची आहे. तसे एअरबॅग जॅकेट आता सामान्य रायडरलाही मिळतात आणि परवडत असेल तर जरूर घ्यावं. विम्याचे कागदही आधी वाचावेत, कारण बऱ्याच पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान भरून देत नाहीत.

सकाळच्या माहितीच्या बैठकीला उशीर करू नये. झेंड्यांचा अर्थ तिथेच सांगतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं: पण लाल दिसल्यावर करकचून ब्रेक लावायचा नाही, मागचा येऊन आदळेल. हात वर करून वेग हळूहळू कमी करत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांबण्याच्या जागेत, यायचं. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे पुढे डांबर निसरडं आहे. काळा तुमच्यासाठी दाखवला तर पिटमध्ये या. चौकटींचा म्हणजे सेशन संपलं. पहिल्या फेरीत झेंडे दाखवणारा प्रत्येक मार्शल कुठे उभा आहे हे नजरेने टिपून ठेवावं, म्हणजे नंतर शोधावं लागत नाही.

पडलातच तर गाडी सोडून द्या. तिला धरून ठेवण्याचा मोह घातक ठरतो. आणि घसरणं पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत उठू नका. वेगात घसरलेल्या माणसाला आपण थांबलो असं आधीच वाटतं आणि उभं राहायला गेला की तो कोलांट्या खातो. मग मागून येणाऱ्या गाड्या बघून ट्रॅकपासून दूर जायचं, मार्शल सांगेल तसं.

सेशन्सच्या मधल्या वेळात पाणी प्यावं, सावलीत बसावं. लेदर सूटमध्ये शरीरातलं पाणी फार वेगाने जातं आणि थकल्याचं कळायच्या आत नजर आखूड होऊ लागते. पुढच्या गाडीच्या टायरकडे पुन्हा बघायला लागलात की समजा, आजचा दिवस भरला. शेवटचं सेशन सोडून देण्यात काही कमीपणा नाही. मी ते अनेकदा सोडलंय.

परतताना

रस्त्यावर ट्रॅकचा वेग आणायचा नसतो, ट्रॅकची लाइनही नाही. रस्त्यावर वळणाच्या आतल्या टोकाला वाळू असू शकते, समोरून कोणी आपल्या बाजूला आलेला असू शकतो, आणि आपल्या लेनच्या बाहेर डोकं किंवा खांदासुद्धा जाता कामा नये. बरोबर यायला हवं ते निराळं आहे. दोन बोटं पुढच्या ब्रेकवर, तो पिळण्याची सवय, नजर वळणाच्या शेवटाकडे, आणि आंधळ्या वळणावर जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल असा वेग. ट्रॅकवर आपल्या गाडीला थांबायला किती जागा लागते हे एकदा प्रत्यक्ष बघितलं की रस्त्यावर पुढच्या गाडीपासूनचं अंतर न सांगता वाढतं. माझं वाढलं.

पहिल्या परतीच्या प्रवासात मात्र जपावं. दिवसभर मोठा वेग बघितलेल्या डोळ्यांना रस्त्यावरचा साधा वेग अगदी थांबल्यासारखा वाटतो, त्यामुळे काही काळ डोळ्यांवर भरवसा न ठेवता स्पीडोमीटरवर ठेवावा. गाडी चालवतच घरी जायचं असेल तर निघण्याआधी दिव्यांवरच्या टेप काढा, आरसे परत बसवा, ब्रेक पॅड बघा, कूलंट बदललं असेल तर त्याचीही आठवण ठेवा. आणि टायर थंड होऊ द्या, मग त्यात रस्त्यासाठीची हवा पुन्हा भरा.